दरजेतला चुना

रविवारी सकाळची पहिली एसटी पकडून अमरावतीहून परतवाड्याला जायचं, हे मी सहा वर्षं केलं. किती रविवार झाले ते मोजत नाही. मोजायला बसलो तर आजही पाठ धरते. शनिवारी अकोल्याच्या हायस्कुलात अर्धी शाळा असायची. मी इतिहास-भूगोल शिकवायचो. शाळा सुटली की पॅसेंजरनं बडनेरा, बडनेऱ्याहून अमरावती, घरी आईच्या हातची भाकर, सकाळी उठून एसटी, परतवाड्याला उतरून पुढे अचलपूरपर्यंत टांगा, नाहीतर पायी. दिवसभर एका मशिदीच्या दारात शिडीवर उभं राहायचं आणि संध्याकाळी हेच सगळं उलटं करायचं. सोमवारी पहिल्या तासाला मी खुर्चीवर बसूनच शिकवायचो. पोरं आपसात म्हणायची, गुरुजी झोपले. खोटं कशाला बोलू, झोपलेलोच असायचो.

हे सगळं डॉक्टर व्हायला. सुई टोचणारा डॉक्टर नव्हे, प्रबंध लिहून होतात तो. आमच्या बाला हा फरक मी दहा वेळा समजावून सांगितला. तो गवंडी होता. हिवरखेड सोडून अमरावतीला आला तेव्हापासून त्यानं लोकांची घरं बांधली आणि आम्ही कुडाच्या घरात राहिलो. माझं ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि वस्तीत जाऊन सांगायचा, "माया पोऱ्या डाक्टर होऊन रायला." मग कोणीतरी खोकला घेऊन आमच्या दारात यायचं. मी चिडायचो. बा म्हणायचा, "चिडतं काहून? एक दिवस तं होशीनच ना?" त्याला ते डोळ्यांनी पाहायचं होतं. चुन्यात हात घालून घालून त्याची बोटं फाटली होती, छातीही भरून यायची. घाई त्याला होती आणि पळापळ माझी होती.

विषय कुठून डोक्यात शिरला तेही सांगतो. अमरावतीच्या कॉलेजात असताना लायब्ररीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती लागलं. मागच्या चिठ्ठीवर एकही तारीख नव्हती, म्हणजे ते कोणी कधी घरी नेलंच नव्हतं. आत फोटो होते. दमास्कसच्या मशिदीतली काचेच्या तुकड्यांनी केलेली झाडं, इराकातल्या सामर्राचा गोल गोल वर चढत जाणारा मिनार, वाळवंटात अर्धवट राहिलेल्या एका महालाची कोरीव भिंत, आणि कूफी अक्षरं, काठीनं रेघा ओढाव्यात तशी ताठ. इस्लामच्या पहिल्या दोन-तीनशे वर्षांतलं हे काम. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पुस्तक सुटेना. ना देव, ना राजा, नुसती वेल, चौकोन आणि अक्षर. पुढे वाचलं की तेव्हाच्या महालांमध्ये नाचणाऱ्या बायांची चित्रंही होती. पण तोवर जीव जडला होता, आता काय करता!

दुसरं कारण सांगायची मला तेव्हा लाज वाटायची. आता नाही वाटत. आमच्या लोकांनी छप्पन साली दीक्षा घेतली. त्याआधी माझ्या आज्यानं गावच्या देवळाची पायरी कधी चढली नव्हती. माझ्या वर्गातले बाकीचे हेमाडपंती देवळांवर लिहीत होते. मला गाभाऱ्याची मापं घ्यायला कोण जाऊ देणार होतं? आणि दिलं असतं तरी मला जायचं नव्हतं. मशिदीच्या दारात मात्र मला कोणी आडनाव विचारलं नाही. "पाँव धो लो," एवढंच म्हणाले. मी पाय धुतले आणि आत गेलो.

नागपूरचे माझे सर, म्हणजे प्रबंधाचे मार्गदर्शक, पहिल्या भेटीत हसले. "सामर्राला जाणार आहेस का? पासपोर्ट कसा असतो ते तरी पाहिलंय? आपल्या पायाखाली बघ. त्या जुन्या वळणाचं काही वऱ्हाडात सापडतं का ते शोध." मी शोधलं. आणि माझ्या दुर्दैवानं मला सापडलं.

अचलपूरच्या कोटाबाहेर, संत्र्यांच्या बागांच्या अलीकडे, एक लहानशी मशीद होती. तीन कमानी, आत मेहराबीच्या, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या, दोन्ही अंगांना गिलाव्यात कोरलेली वेल. पाटी नाही, प्रवाशांची वर्दळ नाही. दारावर एक काळी शिळा बसवलेली होती आणि तिच्यावर दोन ओळी कोरलेल्या होत्या. अक्षर कोनदार, कूफीच्या वळणाचं. आपल्याकडे असं अक्षर सहसा दिसत नाही. शेवटी सन होता. तो सन मी पहिल्यांदा वाचला तेव्हा शिडीवरून पडायचाच बाकी होतो, कारण तो खरा असेल तर ही मशीद आसपासच्या सगळ्या मशिदींहून जुनी ठरत होती. शिळेवरून दाराचं वय, दारावरून कमानीचं, कमानीवरून आतल्या वेलीचं, आणि ती वेल थेट सामर्राच्या गिलाव्याची दूरची नातेवाईक, अशी माझी मांडणी. सर खूश झाले. सगळा प्रबंध त्या एका शिळेवर उभा राहिला.

वाचला असं म्हणतो, पण वाचायला शिकवलं उस्तादांनी. ते उर्दू प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, त्या मशिदीची देखभाल तेच करायचे. अरबीची अलिफ-बे मी तिशीच्या उंबरठ्यावर त्यांच्याकडे गिरवली. रागीट माणूस. चुकलो की हातातल्या छत्रीनं माझ्या गुडघ्यावर टोला द्यायचे, मी स्वतः मास्तर होतो तरीही. त्यांची एक सवय होती. वाटेत उर्दू छापलेला कागदाचा कपटा पडलेला दिसला की वाकायचे, उचलायचे, फुंकर मारायचे आणि जवळच्या भिंतीच्या फटीत खोचून ठेवायचे. न जाणो त्यात अल्लाचं नाव असेल, ते पायाखाली यायला नको. त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे दर दहा पावलांना थांबायचं. मी उन्हात उभा राहून दात-ओठ खायचो.

त्या शिळेचे मी ठसे घ्यायचो. काम साधं आहे पण जीव काढतं. आधी दगड ब्रशनं आणि पाण्यानं स्वच्छ करायचा. मग ओला कागद त्यावर चिकटवायचा आणि ताठ केसांच्या ब्रशनं ठोकत राहायचं, कागद अक्षरांच्या खाचाखोचांत बसेपर्यंत. अर्धवट वाळला की काजळीचा बोळा हलक्या हातानं फिरवायचा. अक्षरं उठावाची असली तर काळी उमटतात आणि मधली जागा पांढरी राहते. वारा आला की कागद फाटतो, ऊन लागलं की सुटतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. दरवर्षी ईदच्या आधी मशिदीला चुन्याचा हात मारत. तो शिळेवरही बसायचा, मग तो खरवडून काढायचा. उस्तादांची ताकीद होती: "सिर्फ हरफ साफ करो. दीवार को हाथ मत लगाओ." म्हणून मी कागद अक्षरांच्या चौकटीएवढाच कापायचो आणि तेवढाच दगड उघडा करायचो. आम्हाला शिकवलंही तसंच होतं. शिलालेखांच्या पुस्तकांत लेख असतो, भिंत नसते.

बा दर रविवारी सकाळी चहा पिताना म्हणायचा, "मले बी ने ना एखांद्या वक्ती. तुवी ते मजीद पाहू दे." मी म्हणायचो, पुढच्या वेळी. आधी म्हणायचो गर्दी असते, मग म्हणायचो तुझी छाती. खरं कारण वेगळं होतं. तिथे मी 'प्रोफेसरसाब' होतो. मी काही प्रोफेसर नव्हतो, पण उस्ताद मला तसं म्हणायचे आणि मला ते गोड वाटायचं. तिथे धोतर खोचलेला, फाटक्या बोटांचा गवंडी माझा बाप म्हणून उभा राहावा हे मला नको होतं. झालं, लिहून टाकलं.

सहाव्या वर्षी प्रबंध टाइप होत आला होता. शेवटी लावायला ठसे काढावेत म्हणून पेटी उघडली तर वाळवीनं सगळ्यांची चाळण केलेली. मी कपाळावर हात मारला. सरांनी पंधरा दिवसांची मुदत दिली होती. शिडी धरायला यायचा तो माणूस कापसाच्या गाड्यांवर गेलेला. आई म्हणाली, "बुढ्याले ने ना. नुसता बसूनच तं आहे." मग काय, नेलं.

एसटीत बा खिडकीशी बसला आणि वाटेत दिसलेल्या प्रत्येक भिंतीवर बोलत राहिला. ही फुगली, हिला ओळंबा लावलाच नाही, ही पुढच्या पावसात बसणार. मी डोळे मिटून घेतले. मशिदीत गेल्यावर त्यानं मुकाट्यानं पाय धुतले. उस्तादांना मी सांगितलं, "ये मेरे साथ आए हैं." वडील म्हणालो नाही. बानं ऐकलं की नाही कोण जाणे. त्यानं बादली उचलली आणि विहिरीकडे गेला.

मी शिडीवर चढून ठोकायला लागलो. बा खाली शिडी धरून उभा होता आणि वर बघत होता. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "हा गोटा या भितीचा नाई, बाबू."

"शिडी नीट धर," मी म्हणालो.

"धरलीच हाय. पण हा गोटा मांगून बसोला हाय."

मी खाली उतरलो. वैतागून विचारलं, कशावरून. तो म्हणाला, "थर पाय ना. सगया भितीचे थर सरके चालून रायले, अन् अथी येऊन तुटले. भित फोडली अन् गोटा घातला." मग त्यानं उस्तादांकडे पाहून हात जोडले आणि शिडीवर चढला. शिळेच्या कडेला आणि शेजारच्या भिंतीवर नखानं वरचा सफेदीचा चुना खरवडला. मी सहा वर्षांत तिथे कधी बोट लावलं नव्हतं. "हे पाय. भितीच्या दरजेतला, दोन थराच्या मंधातला, चुना लालसर हाय, त्याच्यात ईटेचा भुगा हाय. अन् या गोट्याच्या भवतालचा पांढराफक. अन् हे खाली चिपा ठोकल्या, बसत नव्हता म्हून. मी बी असंच केलं असतं." खाली उतरून त्यानं हात धोतराला पुसले. त्याच्या चेहऱ्यावर किती आनंद होता म्हणून सांगू! सहा वर्षं पोराच्या कामात त्याला काही कळत नव्हतं, आणि आज कळलं होतं.

उस्ताद ओट्यावर बसले होते. मी जाऊन विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "हाँ. ये तो मेरे वालिद ने लगवाया. उधर खेत में पड़ा था. अल्लाह का नाम ज़मीन पे कैसे छोड़ते?"

"तो छह साल में आपने बताया क्यों नहीं?"

आता ते चिडले. छत्री उचलली. "तुमने कहा पढ़ाओ, मैंने पढ़ाया. कहाँ से आया, ये तुमने कब पूछा?"

खरंच विचारलं नव्हतं. रस्त्यातला प्रत्येक कपटा उचलून भिंतीत खोचणारा माणूस सहा वर्षं माझ्यापुढे चालत होता, आणि एवढा मोठा दगड त्या भिंतीत कसा आला हे मला सुचू नये! उस्तादांनी ते शेत दाखवलं. तिथे संत्र्याची झाडं होती. विटेचे चार तुकडे वर आले होते, बाकी काही नाही. शिळा जिथली होती ती इमारत गेली होती, आणि जी उभी होती तिचं वय कोणालाच माहीत नव्हतं.

परतीच्या एसटीत मी बाकडे पाठ करून बसलो. मला राग आला होता, आणि तो माझ्यावर नाही, उस्तादांवर नाही, बावर आला होता. पंधरा दिवस गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं याचं! त्यानं परतवाड्याच्या स्टँडवर दोन संत्री घेतली होती. एक सोलून माझ्यापुढे धरलं. मी नको म्हणालो. त्यानं ते परत सालीत गुंडाळून ठेवलं. वलगावच्या जवळपास त्यानं विचारलं, "कामाचं सांगतलं ना म्या? आता होईन ना लवकर?"

"हो," मी म्हणालो.

नागपूरला जाऊन सरांना सांगितलं. ते म्हणाले, "हे कोणी सांगितलं?" मी म्हणालो, एका गवंड्यानं. "गवंड्यानं? परीक्षकांना काय सांगणार, गवंडी म्हणतो? विसरून जा. प्रबंध टाइप होत आलाय, देऊन टाक. त्या दारात कोण जातंय बघायला?"

मी परत आलो आणि द्यायचं ठरवलं. प्रामाणिकपणाचा मोठेपणा मी स्वतःकडे घेत नाही. मी थकलो होतो, मला ते बाड डोक्यावरून उतरवायचं होतं. पण प्रस्तावनेची शेवटची दोन पानं लिहायची राहिली होती आणि ती काही केल्या लिहून होईनात. 'द्वारावरील शिलालेखावरून' असं लिहिलं की बाचं नख दिसायचं, चुना खरवडणारं. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी मी सरांना पत्र टाकलं की प्रबंध देत नाही, विषय बदलून द्या. सरांचं उत्तर चार ओळींचं होतं. त्यातल्या तीन इथे लिहिण्यासारख्या नाहीत. चौथी होती: मी निवृत्त व्हायच्या आत दे.

नवा विषय म्हणजे तोच, उलटा करून. वऱ्हाडातल्या जुन्या मशिदी आणि दर्ग्यांमधले मूळचे दगड कोणते आणि दुसरीकडून उचलून बसवलेले कोणते. लेख बाजूला ठेवून भिंती बघायच्या. आणि भिंती मला वाचता येत नव्हत्या, बाला येत होत्या. पुढची तीन वर्षं तो माझ्याबरोबर हिंडला. बाळापूर, अचलपूर, कुठे कुठे. मी कागद घेऊन बसायचो, तो भिंतीपुढे उकिडवा बसायचा. कुठला चुना बैलांच्या घाणीवर नीट मळलेला, कुठला घाईचा, कुठे जुन्या कमानीला नवा खांब दिला, कुठे वेलीचा तुकडा उलटा बसला, सगळं तो सांगायचा आणि मी इंग्रजीत लिहायचो. दमला की तिथेच सावलीला आडवा व्हायचा. खोकला वाढला होता. मी म्हणायचो, बा, राहू दे आता. तो म्हणायचा, "हे झालं की होशीन ना डाक्टर? मंग चाल." उस्तादांचं आणि त्याचं बरं जमलं. दोघं ओट्यावर बसून विड्या ओढायचे आणि माझ्यावर हसायचे. उस्तादांना कळलं होतं तो माझा कोण ते. मी सांगितलं नव्हतं, बानंच सांगितलं असणार.

प्रबंध झाला. अर्धा त्याचा होता, निम्म्याहून जास्तच. ऋणनिर्देश लिहायला बसलो तेव्हा सरांनी, गवंडी कोण हे तोवर त्यांना कळलं होतं, आधीच बजावलं होतं, "स्थानिक पाहणीत आढळले, एवढंच लिही. गवंड्याला मध्ये आणू नकोस. आणि तो तुझा बाप आहे हे तर मुळीच नको, परीक्षक म्हणतील हा घरातलाच पुरावा." सरांवर ढकललं की बरं वाटतं, पण सरांमुळे मी थांबलो हे अर्धंच खरं आहे. बाचं पूर्ण नाव लिहिलं असतं तर आडनाव लिहावं लागलं असतं. तेच आडनाव मुखपृष्ठावर माझं. म्हणजे वाचणाऱ्याला एका क्षणात कळलं असतं की हा गवंड्याचा पोरगा आहे. मला इतक्या वर्षांनी डॉक्टर व्हायचं होतं, गवंड्याचा पोरगा व्हायचं नव्हतं. मी एका तळटीपेत लिहिलं, 'एका स्थानिक गवंड्याने निदर्शनास आणले.' ऋणनिर्देशात सरांचं नाव आलं, उस्तादांचं आलं, लायब्ररीवाल्याचं आलं, अकोल्याच्या टाइपिस्टचं आलं.

पदवी मिळाली. वस्तीत पेढे वाटले. बा तोवर खाटेला लागला होता, पण त्या दिवशी उठून बसला, आईनं त्याला धुतलेला सदरा घातला. बांधलेला प्रबंध मी त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं हात पुसून मग पुठ्ठ्यावरून फिरवला. पुठ्ठा कसा बसवलाय ते कडेनं बघितलं. मग म्हणाला, "वाचून दाखव. कोनाकोनाचं नाव हाय याच्यात?"

मी वाचलं. सरांचं, उस्तादांचं. उस्तादांचं नाव आल्यावर त्याला हसू आलं. मग लायब्ररीवाल्याचं, टाइपिस्टचं. मी थांबलो. तो पुढच्या नावाची वाट बघत होता.

"अन् मायं?"

मी पहिलं पान उघडलं. तिथे माझं नाव होतं. नाव, मग एक इंग्रजी अक्षर, मग आडनाव. मी त्या मधल्या अक्षरावर बोट ठेवलं. "हे तुझं."

तो वाकून बघत राहिला. फाटकं बोट त्यानं अक्षराच्या कडेला टेकवलं. अक्षरावर ठेवलं नाही, डाग पडेल म्हणून. "एवढंसं?"

"घरच्या माणसाचं पुरं नाव लिहीत नसतात याच्यात," मी म्हणालो. "तसा नियमच आहे."

"असं व्हय," तो म्हणाला. "असन मंग."

संध्याकाळी शेजारचे लोक भेटायला आले. बानं एकेकाला प्रबंध दाखवला, पान उघडून ते अक्षर दाखवलं. कोणीतरी विचारलं, काहो, तुमी तं तीन वर्सं हिंडले याच्यासंगं, अन् एकच अक्षर? बाला खोकला आला. खोकला थांबल्यावर तो त्या माणसाला समजावून सांगायला लागला, "घरच्या मानसाचं पुरं नाव लिवत नसतेत, बापा. कायदा हाय तसा. पोऱ्याच्या हातात रायलं असतं तं लिवलं असतं त्यानं."

मी तिथेच खाटेच्या पायाशी बसलो होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी हो म्हणून मान हलवली.